बुधवारच्या टाळ्या

जानेवारीतल्या वादळात आस्तेरियाची भट्टी गेली. गेली म्हणजे पडली नाही. अंगणात लिंबाच्या झाडाखाली ती अजून तशीच उभी होती, गोल पाठीची, मातीची, लांबून बघणाऱ्याला धडधाकट वाटावी अशी. पण मागच्या बाजूला तिला हात जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि आतला घुमट तडकला होता. विस्तव घातला की सगळी धग त्या भगदाडातून निघून जायची. आस्तेरियानं वारुळाची माती आणली, मळली, लिंपली, उन्हात वाळू दिली. पहिल्याच जाळाला लिंपण खपल्या धरून गळून पडलं. घुमट नव्यानं बांधायला हवा होता, आणि तो बांधणारा तिचा नवरा आन्सेल्मो दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. शेवटी एका कोंबडीनं भट्टीत अंडी घालायला सुरुवात केली, तेव्हा आस्तेरियानं हात टेकले.

पासो ग्वासूसारख्या खेड्यात भट्टीशिवाय संसार कसा चालतो हे ज्याच्या घरी गॅसची शेगडी आहे त्याला सांगून कळायचं नाही. आठवड्यातून एकदा भट्टी पेटवायची. लाकडं जळून निखारे झाले की ते ओढून काढायचे, ओल्या फांद्यांनी तळ झाडायचा आणि मग त्या एकाच धगीवर आठवड्याचं पोट भागवायचं. आधी चिपा, म्हणजे कसाव्याच्या सत्त्वात चीज, अंडी आणि बडीशेप मळून भाजलेली कडी. मग मक्याचा जाड केक. धग उतरली की रताळी आणि भोपळा, आणि सगळ्यात शेवटी तोंड झाकून रात्रभर शेंगदाणे. एक भारा लाकूड, की आठ दिवस निर्धास्त. आता प्रत्येक जेवणाला वेगळी चूल, वेगळं लाकूड आणि डोळ्यांत वेगळा धूर.

आस्तेरिया मात्र रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिनं सगळा आठवडा नव्यानं बेतला. सोमवारी चवळी आणि मका एकत्र शिजवायचे, घट्ट. मंगळवारी त्याच चवळीत पाणी आणि कांदा वाढवून पातळ कालवण. बुधवारी मक्याच्या पिठाचे गोळे हाडाच्या पाण्यात सोडायचे. हाड तेच असायचं, इतक्यांदा उकळलेलं की त्याला आता स्वतःलाच चव उरली नव्हती. गुरुवारी गव्हाचं पीठ पाण्यात कालवून चरबीवर टाकायचं आणि पळीनं तोडत राहायचं, त्याचा तांबूस चुरा होतो. तो जाळलेली साखर घातलेल्या येर्बाच्या चहाबरोबर दुपारी खाल्ला की रात्रीपर्यंत भूक तोंड दाखवत नाही. मक्याचा केक तिनं झाकणाच्या कढईत करून पाहिला, खाली निखारे, झाकणावर निखारे. कडा करपल्या आणि मधे कच्चा राहिला. बारा वर्षांची सेल्सा म्हणाली की मधला चमच्यानं खाऊ आणि कडेचा हातानं, म्हणजे दोन पदार्थ होतील. आस्तेरियाला हसू आलं, पण केक पुन्हा केला नाही.

राहिलेल्या दिवशी म्बेजू. सत्त्व, मीठ आणि चरबी बोटांनी चोळायची, तव्यावर पसरून दाबायची, की भाकरीसारखी चकती होते. म्हणजे शेवटी सगळी भिस्त सत्त्वाच्या गोणीवर होती. ती गोणी गेल्या थंडीत केलेली. घरचा कसावा उपटून, किसून, धुऊन, वाळवून. नवं सत्त्व जूनच्या थंडीत व्हायचं, इकडे थंडी तेव्हाच पडते. तोवर ही गोणी वाटीवाटीनं पुरवायची होती, आणि आस्तेरिया वाटी भरताना ती कधी शिगेला जाऊ द्यायची नाही.

हा सगळा हिशेब ती मनातल्या मनात करायची, ओठ गच्च मिटून. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी ती मडक्याशी बोलायची. आन्सेल्मो तिची थट्टा करायचा, म्हणायचा की माझ्यापेक्षा त्या मडक्याला तू जास्त गोष्टी सांगतेस. चार वर्षांपूर्वीच्या दुष्काळात, मका करपलेला असताना, ती एका संध्याकाळी अशीच मडक्यात पळी घालून बोलत उभी होती. पाच तोंडं, ती मडक्याला म्हणाली. एक कमी असतं तर सगळ्यांना पुरलं असतं. तिनं कुणाला म्हटलं नव्हतं. तसं आपण म्हणतो, पाऊस आला असता तर बरं झालं असतं, तसंच. पण तिच्या मागं थोरली निमिया उखळाशी मका कांडत होती. सोळा वर्षांची, आणि सोळा वर्षांच्या पोरींना सगळं आपल्यालाच म्हटल्यासारखं वाटतं.

त्याच आठवड्यात राजधानीतली एक बाई घरकामाला मुलगी शोधत आली आणि निमिया तिच्याबरोबर गेली. आस्तेरियाला वाटलं, पोरीला शहर बघायचंय. वाटेत खायला म्हणून तिनं चिपा बांधून दिला आणि हात हलवला. पुढं कितीतरी महिन्यांनी सेल्सानं सहज बोलता बोलता सांगितलं की जाताना ताई माझ्या कानात म्हणाली, आता पुरेल. त्या दिवसापासून आस्तेरियाचं मडक्याशी बोलणं बंद झालं.

निमिया पहिलं वर्ष राजधानीत होती, मग सीमेपलीकडे ब्वेनोस आइरेसला गेली. आधी ट्रकवाल्यांबरोबर निरोप यायचे, मग तेही थांबले. बाप गेल्याचं तिला कळलं की नाही, हेसुद्धा कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. आस्तेरियाला या जगात एकच गोष्ट हवी होती. पोरीला समोर बसवून सांगायचं होतं की ते तुला म्हटलं नव्हतं. चिठ्ठी लिहून घेता आली असती, पण असलं काही दुसऱ्याच्या हातानं लिहून घ्यायचं नसतं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात सगळ्या गावची मुलंबाळं घरी परततात, म्हणून दर वर्षी त्या आठवड्यात ती रस्त्याच्या बाजूचं दार उघडं ठेवून बसायची. तीन वर्षं बसली. यंदा तिनं मनाला समजावलं होतं की ती काही येत नाही.

आणि यंदा तर भट्टीच नव्हती.

आता आमच्या गावची एक खोड सांगायला हवी. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी घरोघरी चिपा भाजतात, कारण गुरुवारी-शुक्रवारी चूल पेटवायची नाही. प्रत्येकाच्या घरी ढीगभर चिपा असतो आणि तरीही प्रत्येक जण तो पांढऱ्या फडक्यात झाकून शेजारी पाठवतो. शेजारी फडकं रिकामं परत करत नाही, आपला चिपा घालून देतो. संध्याकाळपर्यंत सगळा गाव एकमेकांचा चिपा खात असतो आणि कुणाचा कडक झाला, कुणी चिजात हात आखडला, यावर पुढं वर्षभर बोलत असतो. रिकामं फडकं परत गेल्याचं पासो ग्वासूत कुणी ऐकलेलं नाही.

शेजारची बेर्नार्दा ही सेल्साची धर्ममाता, म्हणून आस्तेरियाची कोमाद्रे, बाप्तिस्म्याच्या नात्यातली बहीण. तिच्या नवऱ्याच्या गायी होत्या, घरात चीज टांगलेलं असायचं आणि भट्टी एवढी मोठी की आत वासरू बसावं. मनाची मोकळी होती, पण तिचा मोकळेपणा कुंपणापलीकडूनही ऐकू यायचा. त्या रविवारी ती कुंपणावर हात ठेवून म्हणाली, "कोमाद्रे, बुधवारी माझं भाजून झालं की तू तुझं पीठ घेऊन ये. भट्टी काय, गरमच असणार. संकोच करू नकोस."

पीठ घेऊन ये, असं म्हणायला सोपं होतं. गावभर वाटायला पुरेल एवढा चिपा करायचा तर गोणीतलं निम्मं सत्त्व एका दिवसात जाणार होतं, शिवाय चीज नाहीच. बेर्नार्दानं चीजही दिलं असतं, आणि सत्त्वही, आणि मग ती गोष्ट जत्रेपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झाली असती. आस्तेरियाच्या तोंडून भलतंच निघून गेलं. आम्ही नाही आहोत गं यंदा, ती म्हणाली. बहिणीकडे चाललोय, तिघीही. बुधवारी सकाळीच निघतो, शनिवारी येऊ. बेर्नार्दा म्हणाली की बरं झालं, हवापालट होईल, कोंबड्यांना दाणे मी टाकीन. झालं. बहिणीचं गाव दिवसभराच्या बसप्रवासावर होतं आणि बसचं तिकीट काढायची तिची ऐपत नव्हती. खोटं बोलून झालं होतं, आता ते निभवायचं होतं.

बुधवारी उजाडायच्या आत आस्तेरियानं शेवटची चूल पेटवली. शनिवारपर्यंतचं सगळं तिथंच आटपायचं होतं. कसावा उकडला, अंडी उकडली, म्बेजूची चळत करून फडक्यात गुंडाळली, भोपळा साखर घालून आटवला. गार खाऊनही बरं लागेल असंच सगळं. वाटण्या मनात करून ठेवल्या: शुक्रवारी अंडं अख्खं, गुरुवारी अर्धं. मग निखारे विझवले, खिडक्या लावल्या, दाराला आतून अडसर घातला आणि मुलींना सांगितलं की आपण बहिणीकडे गेलोय. पाच वर्षांच्या तोमासाला हे फार आवडलं. तिनं विचारलं की मावशीकडे आपण जोरात बोललो तर चालेल का. आस्तेरिया म्हणाली की मावशीकडे कुणीच बोलत नाही.

दिवसभर वास येत होता. गावातल्या सगळ्या भट्ट्या पेटल्या की तो वास असा पसरतो की बंद खिडक्या त्याला अडवत नाहीत. चीज, बडीशेप, तापलेली केळीची पानं. तोमासा अंथरुणावर पालथी पडून नाकानं ओढत होती. मधेच तिनं विचारलं, मावशीकडे चिपा नसतो का. सेल्सानं तिला जवळ घेतलं आणि आईकडे असं पाहिलं की आस्तेरियाला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं. दुपारी बेर्नार्दा अंगणात आली, कोंबड्यांना दाणे टाकले, भट्टीत वाकून पाहिलं, "काय गं बाई ही दशा," असं भट्टीला म्हणाली आणि गेली. तेवढा वेळ तिघींनी श्वास धरला होता.

संध्याकाळी, उन्हं लालसर झाल्यावर, फाटकाशी टाळ्या वाजल्या.

आमच्याकडे कुणी दार ठोठावत नाही. फाटकाशी थांबून टाळ्या वाजवायच्या, मग आतून ये म्हटलं की यायचं. तीन टाळ्या वाजल्या, मग थोडं थांबून पुन्हा तीन. कुणी हाक मारली नाही. तोमासा दाराशी पळाली. फळ्यांमधली फट तिच्याच उंचीला होती.

"कोण आहे?" आस्तेरियानं कुजबुजत विचारलं.

"एक बाई. बूटवाली. तिच्या हातात पांढऱ्या फडक्यात काहीतरी आहे."

पासो ग्वासूत बूट घालून शेजारी जाणारी एकच बाई होती, बेर्नार्दाची भाची मिर्ना. दर वर्षी राजधानीतून यायची आणि बेर्नार्दा तिला घरोघरी चिपा द्यायला पाठवायची. बेर्नार्दा बहुतेक तिला सांगायला विसरली असणार. आस्तेरियाला मनातून राग आला. पांढरं फडकं आलंच शेवटी दाराशी. सेल्सा उठून म्हणाली की मी बघते. आस्तेरियानं तिचा दंड धरून खाली बसवलं. गेली की कळेल तिला घरात कुणी नाही, ती म्हणाली.

टाळ्या पुन्हा वाजल्या. या वेळी हळू. मग बराच वेळ काहीच नाही, आणि फाटकाची कडी वाजली. पावलं अंगणात, दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं, अगदी जवळ. तेवढ्यात धुरानं खवखवलेल्या घशानं तोमासा खोकली. आस्तेरियानं झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला आणि दातांतून श्श श्श केलं, दोनदा, लहानपणी सगळ्याच पोरींना करायची तसं. बाहेर काही हललं नाही. मग पावलं वळली, फाटकाची कडी पुन्हा वाजली आणि रस्ता शांत झाला. वेळ मारून नेली एकदाची, असं म्हणत आस्तेरियानं कपाळाचा घाम पुसला. मुलींना म्बेजू वाढला, आणि त्या दिवशी दोघींना भोपळा जरा जास्तच दिला.

गुरुवार गेला. शुक्रवारी अख्खं अंडं खाऊन झालं. बाहेरून मिरवणुकीची गाणी ऐकू येत राहिली. शनिवारी पहाटे तिघी मागच्या दारानं निघाल्या, कसाव्याच्या शेतातून वाकून मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि ऊन वर आल्यावर हातात गाठोडं घेऊन सगळ्यांच्या देखत गावात शिरल्या. वाटेत दोघींना पढवलं होतं की मावशी बरी आहे आणि तिच्याकडे खूप पाऊस झाला. तोमासानं विचारण्याआधीच तीन घरांना पाऊस सांगून टाकला.

बेर्नार्दा अंगणातच बसली होती. तिच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आस्तेरियाच्या मनात आलं, चुकलं नाहीच शेवटी. पण बेर्नार्दा उठून आली ती नेहमीसारखी मोठ्यानं बोलत नाही. तिनं फडकं आस्तेरियाच्या हातात दिलं. आत चिपा नव्हता. चीजचा अख्खा गोळा होता, जड, दुकानातला.

"निमियानं आणलं होतं," बेर्नार्दा म्हणाली. "म्हणाली, भट्टी लावायची असेल आईला आणि चीज नसेल."

आस्तेरियाला आधी वाटलं, आपण नीट ऐकलंच नाही. तिनं विचारलं, कधी. बुधवारी संध्याकाळी, बेर्नार्दा म्हणाली. दार बंद बघून माझ्याकडे आली. मी म्हटलं, अगं तुझी आई बहिणीकडे गेली दोघींना घेऊन. जेव, झोप, उद्या बघू. तिनं जेवणाला हात लावला नाही. गुरुवारी पहाटे सणाआधीची शेवटची बस होती, त्या बसनं निघून गेली. मी तिला किती सांगितलं, शनिवारपर्यंत थांब. रविवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं.

"माझ्याकडे का नाही थांबली?" बेर्नार्दा म्हणाली. "कोमाद्रे, तिचं एक भलतंच चाललं होतं. मला म्हणाली, मावशी, आई घरात आहे. मी दाराशी गेले तेव्हा आत कुणीतरी खोकलं, आणि आईनं त्याला गप्प केलं. मी म्हटलं, उंदीर असतील, वारा असेल. क्रॉसवर हात ठेवून शपथ घेतली मी, की घरात कुणी नाही. तर म्हणाली, ते गप्प करणं मी ओळखते, लहानपणी मलाच केलंय. आई मला दार उघडत नाहीय. बरं, राहू दे, म्हणाली."

सेल्सा रडायला लागली. आस्तेरिया चीजचा गोळा धरून उभी होती. तिच्या मनात कितीतरी वेळ एकच चित्र होतं: दाराची फळी, अलीकडे ती आणि पलीकडे पोरगी, मधे एवढीशी लाकडाची जाडी. तीन वर्षं ती याच पोरीसाठी दार उघडं ठेवून बसली होती. आणि ज्या एका संध्याकाळी ते लावलं, तीच तिची संध्याकाळ निघाली.

"आम्ही घरात होतो," ती म्हणाली.

आस्तेरियानं सगळं सांगितलं. भट्टी, गोणी, जून महिना, फडकं रिकामं कसं पाठवू, आणि मिर्नाच असेल असं वाटलं ते. बोलताना तिला जराही लाज वाटली नाही. ती सगळी लाज कुठं गेली कोण जाणे. बेर्नार्दानं काही टोचून म्हटलं नाही. ती भट्टीच्या कट्ट्यावर बसली आणि तोंडावर ॲप्रन धरून रडली. मध्येच म्हणत होती की मीच शपथ घेतली, माझ्याच शपथेनं तिला वाटलं असणार की सगळा गाव मिळून खोटं बोलतोय. निमियाचा पत्ता तिनं विचारला होता. निमिया म्हणाली होती की पत्ता बदलत राहतो.

त्या रात्री कुणी जेवलं नाही. चीजचा गोळा आढ्याला टांगला, मुंग्यांपासून वाचावा म्हणून, आणि आस्तेरिया त्याच्याकडे बघत पडून राहिली. विचार करून करून तिच्या एवढंच लक्षात आलं की पोरीला समोर बसवून सांगायचे दिवस आता गेले. आता कुणाच्याही तोंडून जाईल तसं जाऊ दे. सगळ्या जगाला कळलं तरी चालेल, पण त्यातून तिला कळू दे.

रविवारी दुपारी परतीच्या बसला नेहमीसारखी झुंबड होती. गावची पोरं शहरांकडे निघालेली, आया खिडक्यांतून चिप्याच्या पिशव्या आत कोंबत होत्या. आस्तेरिया दोन्ही मुलींना घेऊन आली, गर्दीतून वाट काढत बसच्या पायरीवर चढली आणि आत तोंड करून उभी राहिली. कंडक्टरला वाटलं तिलाही जायचंय. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"ऐका जरा," ती म्हणाली. "तुमच्यातलं कुणी ब्वेनोस आइरेसला जाणार असेल, किंवा कुणी ओळखीचं तिकडं असेल, तर माझा निरोप न्या. निमिया बेनितेस, पासो ग्वासूची. तिला सांगा, आई घरातच होती. भट्टी मोडलीय, घरात चिपा नव्हता, शेजारणीला परत द्यायला काही नव्हतं म्हणून लाजेनं दार लावून बसली होती. तू आहेस हे तिला कळलं नाही. आणि गप्प केलं ते तुला नाही, धाकटीला."

बसमधलं बोलणं थांबलं. मागून कुणीतरी हसलं आणि त्याला कुणीतरी कोपर मारलं. गावातले ओळखीचे चेहरे होते, त्यातल्या निम्म्यांच्या घरी तिनं आजवर बुधवारी फडकं पाठवलं होतं. ती त्यांच्याकडे बघूनच पुढं बोलली.

"आणि हेही सांगा, की चार वर्षांपूर्वी मडक्याशी तोंडं मोजली ती आईनं उगाच मोजली. तुला म्हटलं नव्हतं. तुझ्या वाटणीचं होतं त्यात. नेहमीच होतं."

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, ते शहर केवढं आहे माहिती आहे का?"

"माहिती आहे," आस्तेरिया म्हणाली. "तरी सांगा."

मधल्या बाकावर एक मुलगी होती, मांडीवर पेटी घेतलेली. ती म्हणाली की मी तिकडं रविवारी पार्कात जाते, आपल्याकडच्या सगळ्या मुली सुट्टीच्या दिवशी तिथं जमतात, मी विचारत राहीन. पण मी तिला ओळखू कशी? कशी दिसते ती?

आस्तेरियानं सांगायला तोंड उघडलं. कमरेपर्यंत वेणी, कांडणानं हातावर पडलेले घट्टे, हनुवटीवरचा डाग. हे सगळं सोळा वर्षांच्या पोरीचं होतं. आता विशीतली निमिया कशी दिसते, हे तिला ठाऊक नव्हतं. घरातल्या एकाच माणसानं तिला पाहिलं होतं. आस्तेरियानं खाली वाकून तोमासाला उचललं आणि पायरीवर उभं केलं.

"सांग गं यांना," ती म्हणाली. "ती बाई कशी होती?"

तोमासानं आधी सगळ्या बसकडे पाहिलं. "काळे बूट होते," ती म्हणाली. "केस इथपर्यंत." तिनं कानाखाली हात लावला. "टाळ्या वाजवताना हसत होती. मग आईनं मला गप्प केलं. मग हसत नव्हती."

कंडक्टरनं दाराच्या दांड्याला हात घातला. पेटीवाल्या मुलीनं हळूच विचारलं, "काळेच ना बूट?"

"काळे," आस्तेरिया म्हणाली, स्वतः पाहिल्यासारखी.